एक जूनचा दाखला

सणसर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. वृषालीस,
कौसल्याआत्याचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र सुयोगरावांच्या दुधाच्या गाडीतून येत आहे. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं, आणि कामाचं बोलणं निम्मं ऐकून चालत नाही. म्हणून कागद. तूही कागदावरच उत्तर दे. गाडी एक दिवसाआड इकडे येतेच.

आष्टीकडची ऊसतोडीची टोळी दिवाळी झाल्याबरोबर आली. कॅनॉलच्या कडेला कोप्या उभ्या राहिल्या आणि चौथ्या दिवशी पोरं सोसायटीच्या ओट्यावर हजर. कुणी बोलवावं लागलं नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षापासून हा वाचनवर्ग चालतो. हा आठवा हंगाम. यंदा सत्तावीस पोरं आहेत आणि पुस्तकं आहेत एकोणीस, त्यातल्या चारांना कव्हर नाही. एका पुस्तकातला वाघ कुणीतरी कापून नेला आहे, गोष्ट मात्र शिल्लक आहे. मी वाघाच्या जागी डरकाळी फोडते. पोरं म्हणतात की बाईंची डरकाळी खोकल्यासारखी येते.

पुण्याची एक संस्था शाळेबाहेरच्या मुलांच्या वाचनासाठी वर्षाचं अनुदान देते, असं इथल्या ग्रंथपालांनी सांगितलं. फॉर्म सोबत जोडला आहे, वर्गाच्या वह्याही पाठवल्या आहेत. अकरा पानं आहेत. तू कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर असलेच कागद भरतेस, तेव्हा हाही तूच भर.

पुस्तकांसाठी तर हवंच आहे, पण खरं सांगू का, मला हे झुंबरसाठी हवं आहे. तुला ती आठवत असेल. पहिल्या हंगामात आली तेव्हा समोरचे दोन्ही दुधाचे दात पडलेले होते आणि ‘स’ म्हटलं की थुंकी उडायची. आता ती बारक्या पोरांना माझ्याहून चांगलं वाचायला शिकवते. फॉर्ममध्ये सहाय्यिकेला मानधन आहे, वर्षभर. तिला ते मिळालं तर तिचा बाप दत्तोबा तिला माझ्याकडे ठेवायला कबूल आहे. नाही मिळालं तर काय होईल ते तुला सांगायला नको. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो तीही जोडीवर. पोरगी हाताशी आली की जोडी लावून टाकतात.

श्रेयाला पापा. दुसरीत गेल्यापासून तिनं मला एकही चिठ्ठी लिहिलेली नाही, हे तिला सांग. लोभ आहे तसा राहू दे आणि फॉर्म मुदतीत जाऊ दे.

तुझी,
कौसल्याआत्या

*

बारामती,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. कौसल्याआत्यास,
वृषालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फॉर्म वाचला. आत्या, या लोकांना सगळंच हवं आहे. कार्यक्रमाचं उद्दिष्ट, त्याचं मोजमाप आणि ‘अपेक्षित परिवर्तन’. सुयोग म्हणाला की लिहून टाक, आत्या ओरडते आणि पोरं वाचतात. मी ते सभ्य भाषेत लिहिलं आहे. मूल हंगामाच्या सुरुवातीला किती अक्षरं ओळखतं आणि शेवटी किती वाक्यं वाचतं, याचा तक्ता मागितला आहे. तुझ्या वहीत तो आठ वर्षांचा आहे हे पाहून मी थक्क झाले. तू मला चौथीत असताना वह्या नीट ठेवत नाहीस म्हणून ओट्यावर उभं केलं होतंस, ते आता माफ केलं.

श्रेयानं चिठ्ठी लिहिली आहे, सोबत आहे. त्यातलं मांजर तू आहेस असं ती म्हणते.

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. पान सात पाहा. मानधन घेणाऱ्या सहाय्यकाला अठरा वर्षं पूर्ण हवीत, आणि वयाचा पुरावा जोडायचा आहे. तुझ्या हिशेबानं झुंबरला आता कुठे पंधरावं लागलं. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घालू का? सहाय्यिकेचा रकाना रिकामाही ठेवता येतो. पुस्तकं तरी मिळतील.

घाई नाही, पंधरा डिसेंबरची मुदत आहे. थंडीत ओट्यावर बसतेस तर कानाला बांधत जा. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
वृषाली

*

सणसर,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

रकाना रिकामा ठेवायचा नाही.

तुझ्या वडिलांचा वाढदिवस कधी? एक जून. तुझ्या दोन्ही काकांचा? एक जून. आमच्या आईला तीन मुलगे झाले आणि तिघेही एक जूनला झाले, असं शाळेचा दाखला सांगतो. गुरुजींनी पोराकडे पाहिलं, उंची पाहिली, डोक्यावरून हात नेऊन कान धरता येतो का ते पाहिलं आणि तारीख घातली. पुढे मी तेच केलं. चौतीस वर्षांत किती पोरांना मी एक जून दिला याची गणती नाही. कुणी फौजदार झालं, कुणी कारखान्यात लागलं. त्यानं कुणाचं वाईट झाल्याचं मला ठाऊक नाही.

झुंबरचा जन्म टोळी कर्नाटकात असताना कोपीत झाला. ग्रामपंचायतीत नोंद नाही, शाळेत नाव कधी घातलं नाही. तिच्याजवळ कुठलाच कागद नाही. तेव्हा वाचनवर्गाच्या कागदावर मी दाखला लिहिला आहे. जन्मतारीख एक जून २००६. खाली निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून सही केली आणि शिक्काही मारला. अंगानं ती थोराड आहे, कुणी शंका घेणार नाही.

दाखला लिहिला तेव्हा ती शेजारीच होती. संपूर्ण नाव कागदावर तिनं पहिल्यांदा पाहिलं. तीनदा वाचलं, मग मला म्हणाली की बाई, मला बी एक द्या की. तिच्यासाठी एक प्रत काढ आणि प्लॅस्टिकमध्ये घालून पाठव. कोपीत ओल असते.

तुला हे पटणार नाही, माहीत आहे. तू लहानपणीही अशीच होतीस. पण पोरगी वाचते आहे, वृषाली. माया करतेस तशीच करत राहा आणि यावेळी आत्याचं ऐक.

तुझी,
आत्या

*

बारामती,
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

फॉर्म गेला. पोच सोबत आहे.

चार दिवस तो टेबलावर ठेवून मी फिरत होते. शेवटी मीच टाइप केलं: सहाय्यिकेचं वय अठरा. टाइप करताना हाताला काही जड वाटत नाही, हे विचित्र आहे.

झुंबरचा दाखला लॅमिनेट करून पाठवते आहे. दुकानदारानं विचारलं की मुलगी नोकरीला लागली का. मी हो म्हटलं आणि मला बरं वाटलं. तिला सांग की उन्हात ठेवू नको, वाकतं.

पुण्याची माणसं जानेवारीत वर्ग पाहायला येतील. त्यांच्यासमोर डरकाळी फोडू नकोस.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
वृषाली

*

सणसर,
८ जानेवारी २०२५

चि. वृषालीस,
आशीर्वाद.

काल पाहुणे येऊन गेले. दोन बाया आणि एक पोरगेलासा गृहस्थ, तो सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होता. मी बोलायला सुरुवात केली तर मोठ्या बाई म्हणाल्या की आम्हाला मुलांना ऐकायचं आहे. मग झुंबर उठली. तिनं सहा पोरांना पुढ्यात घेतलं आणि विहिरीतल्या कासवाची गोष्ट वाचली. जिथे कासव घाबरतं तिथे ती थांबली आणि पोरांना विचारलं की आता पुढचं कोण वाचणार. सहाही हात वर. त्या बाईंनी डोळे पुसले, मी नाही पुसले. मला वर्ग चालू असताना रडायची सवय नाही.

जाताना त्यांनी झुंबरला विचारलं की पुढे काय व्हायचं आहे. ती म्हणाली की हितंच ऱ्हायचं हाय. त्या हसल्या, त्यांना ते छोटं उत्तर वाटलं असेल.

बाकी टोळीत जरा गडबड आहे. दत्तोबाची बहीण ट्रक भरताना मोळीसकट फळीवरून खाली आली, मांडीचं हाड मोडलं. बारामतीला दवाखान्यात नेली आहे. ती आणि तिचा मुलगा जोतीराम मिळून एक कोयता होता. आता जोतीराम एकटा पडला आणि मुकादम रोज येऊन ओरडतो की अर्धा कोयता मला नको. वेळ मिळाला तर दवाखान्यात डोकावून ये. बाई एकटी आहे.

श्रेयाच्या मांजराला मी उत्तर लिहिलं आहे. ते तिलाच फोडू दे. तुम्हा सगळ्यांची आठवण काढणारी,

आत्या

*

बारामती,
३ फेब्रुवारी २०२५

ती. कौसल्याआत्यास,
आनंदाचा नमस्कार!

मिळालं! मिळालं, मिळालं. पत्र आज सकाळी आलं आणि मी ऑफिसात खुर्चीवर उभी राहिले, साहेब बघत होते तरी. वर्षभराचं अनुदान, दोनशे पुस्तकं, ओट्यावर पत्र्याचं छप्पर. आणि ऐक, त्यांनी शब्दशः लिहिलं आहे की सहाय्यिका कुमारी झुंबर यांचं काम पाहून आमचा निर्णय झाला. मानधन एप्रिलपासून, तिच्या स्वतःच्या खात्यात. खातं उघडायला मीच तिला बँकेत नेईन. श्रेयाची खोली तिच्यासाठी दोन दिवस रिकामी करते आहे, बारामती दाखवू.

दवाखान्यात मी दोनदा जाऊन आले. बाईंचं ऑपरेशन झालं, पण मुलाचं काही विचारलं की त्या भिंतीकडे तोंड करतात.

पण आत्या, तुझं पत्र का नाही? सुयोग म्हणतो की तीन खेपा तुझ्या दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर पोरं नुसतीच बसली होती. तब्येत बरी आहे ना? दोन ओळी तरी पाठव. पेढे घेऊन रविवारी येतेच आहे.

तुझी लाडकी (आज तरी),
वृषाली

*

सणसर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. वृषालीस,
आशीर्वाद.

रविवारी पेढे आणू नकोस.

झुंबरचं लग्न झालं. तेवीस जानेवारीला, जोतीरामशी. मला कुणी सांगितलं नाही. सलग तीन दिवस ती वर्गाला आली नाही तेव्हा मी पोरांना विचारलं. सगळ्यात बारकी संस्कृती म्हणाली की झुंबरताई आता कोयत्यावर हाय.

मी फडात गेले. ती पाचट बाजूला करत होती. हातात हिरवा चुडा होता आणि कोयता चालवताना तो मागे सरकून कोपराशी अडकत होता. मला पाहून ती उभी राहिली, वर्गात बाई आल्या की उभं राहतात तशी. मग मुकादमाची हाक आली आणि परत वाकली.

दत्तोबाला मी खूप बोलले. चौतीस वर्षांत कुठल्या पालकाला बोलले नाही तशी बोलले. त्यानं मला खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला लावला आणि ऐकून घेतलं. मग तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुला ते कळायला हवं. तो म्हणाला की बाई, बहीण पडली, मुकादम उठवून द्यायला निघाला, पावण्या-रावळ्यांनी जोतीरामासाठी झुंबरला मागितलं, तरी मी न्हाय म्हनत हुतो. लहान हाय म्हणून माझाच जीव हुईना. अजून दोन-तीन सालं ठिवणार हुतो. मंग जोतीरामानं तिच्या पिशवीतला कागद आनून दाखिवला. तुमचा शिक्का, तुमची सही. म्हनलं बाई खोटं कशाला लिवतील, आपल्यालाच पोरीचं वय कळलं न्हाय. देवळात बी तोच कागद दाखिवला, तवा त्यांनी हार घालू दिलं.

चहा मी प्यायले. न पिता उठणं मला जमलं नाही. त्यानं खोटं काही केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी रोज कॅनॉलवर जाऊन बसते. घरी थांबवत नाही. वर्ग बंद आहे.

तुझ्या पत्राचं काय करायचं ते मला सुचत नाही. ते मी पुस्तकांच्या पेटीत ठेवलं आहे. आज एवढंच. सांभाळून राहा.

आत्या

*

बारामती,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

तू एकटीनं केलं असं लिहू नकोस आणि मनातही आणू नकोस. टाइप मी केलं. प्लॅस्टिकमध्ये मी घातलं. साधा कागद असता तर कोपीत महिन्याभरात विरघळून गेला असता.

मी काय विचार केला तेही सांगते. काल मी हिशेब केला की सव्वीस पोरं अजून आहेत. अनुदान घ्यावं, सहाय्यिकेच्या जागी दुसरं नाव कळवावं, लग्नामुळे बदल असं कारण लिहावं. ते कारण खरंही आहे. तसं पत्र मी लिहूनही काढलं. मग वाचलं. ‘विवाहामुळे.’ असं लिहिलं तर झुंबर त्यांच्या फायलीत अठरा वर्षांची सुखी नवरी होऊन जाईल. ते पत्र फाडलं हे तुला सांगते आहे, पण लिहिलं होतं हेही सांगते आहे.

सुयोग म्हणाला की लग्नाची तक्रार केली तर आत्याचीच सही पुढे येईल, तिची पेन्शन, तिचं नाव. तो तुझ्या काळजीनं म्हणाला. तू सांगशील तसं करू. तू सही घेऊन उभी राहिलीस तर माझी टाइप केलेली प्रत घेऊन मी शेजारी उभी राहीन.

जेवत जा. श्रेया विचारते की मांजर चिठ्ठी का लिहीत नाही.

तुझीच,
वृषाली

*

सणसर,
२ मार्च २०२५

चि. वृषालीस,
आशीर्वाद.

टोळी काल गेली. तू सोमवारी माझ्याबरोबर तालुक्याला आलीस, बालविवाहाची तक्रार दिलीस, आणि श्रेयाला ताप म्हणून बुधवारी तुला थांबता आलं नाही. त्या बुधवारचं तुला सांगायचं राहिलं आहे. सुयोगरावांनी दोनदा विचारलं, पण गाडीच्या दारात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

आधी संस्थेचं. मी सगळं खरं लिहून कळवलं होतं. त्यांच्या मोठ्या बाईंचा फोन ग्रंथपालांकडे आला. त्या रागावल्या नाहीत. पण खोट्या दाखल्यावर अनुदान देता येत नाही, आणि पुढची तीन वर्षं आपला अर्ज घेता येणार नाही, असा त्यांचा नियम आहे. ते बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

बुधवारी अधिकारी कोप्यांवर आले, बरोबर एक महिला पोलीस. माणूस शांत होता. त्यानं मला आधी विचारलं की हिचं वय तुम्हाला कसं माहीत. मी दातांचं सांगितलं. पहिल्या हंगामात आली तेव्हा समोरचे दुधाचे दात नुकतेच पडले होते, म्हणजे सातची, आता पंधरावं. आठ वर्षांच्या वह्या दाखवल्या. तो म्हणाला की बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण या शिक्क्याच्या कागदाचं मी काय करू. मी म्हटलं की तो खोटा आहे, मीच लिहिला, माझं काय करायचं ते करा. माझा जबाब त्यांनी लिहून घेतला. खाली सही करताना मला महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

मग झुंबरला बोलावलं. तिला एकटीला सोसायटीच्या खोलीत नेलं, महिला पोलिसाबरोबर. तिनं एकदा पंधरा म्हटलं असतं तर त्याच दिवशी तिला बारामतीला तपासणीला नेणार होते, आणि मग ती टोळीबरोबर गेली नसती. गाडी बाहेर तयार ठेवली होती. मी ओट्यावर बसून होते. पाच मिनिटांत ती बाहेर आली. अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी अठरा म्हणते. तीन वेळा विचारलं, तीनही वेळा अठरा. जन्मतारीख विचारली तर एक जून दोन हजार सहा, न अडखळता. वर म्हणाली की बाईंनी लिवलंय ते खरं हाय, बाई आता म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय.

बालकल्याण समितीकडे ते कागद पाठवणार आहेत. तारीख वीस मार्चची पडली आहे. टोळी तोवर कुठल्या गावाला असेल ते टोळीलाही ठाऊक नाही.

मी तिला ओट्याच्या पायरीशी गाठलं. विचारलं की असं का केलंस गं. ती आधी इकडे-तिकडे पाहत राहिली. मग माझ्या अगदी कानाशी आली, मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, आणि म्हणाली की जोतीराम सांगत हुता, कागद खोटा निघाला तर बाईंना आत टाकत्यात. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, बारक्या पोरांच्या पाठीवर ठेवते तसा, आणि म्हणाली की भिऊ नगा बाई, म्या कुनाला सांगितलं न्हाय.

मी तिला सांगू शकले असते की मी सही करून बसले आहे, मला कुणी काही करणार नाही, परत आत जा आणि खरं बोल. वृषाली, मी नुसता तिचा हात धरला. शब्द निघाला तोवर जोतीराम तिला हाक मारत होता, आणि अधिकाऱ्यांची गाडी वळली होती. पुढचे दोन दिवस मी फडात गेले, पण जोतीराम तिच्याजवळून हलला नाही.

काल सकाळी ट्रक भरले. ती मागच्या ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसली होती, सासूचा प्लॅस्टरचा पाय मांडीवर घेऊन. संस्कृतीनं तिला काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा तिनं पुढच्या ट्रकच्या फळीवर रंगवलेलं वाचायला सुरुवात केली. ट्रक हलला तरी वाचत होती.

वीस तारखेला मी तालुक्याला जाणार आहे. ती नसली तरी जाणार आहे, आणि तिचं वय पंधरा असं सांगणार आहे. तू बरोबर ये.

तुझ्या मायेवर माझा हक्क उरला आहे असं समजून हे लिहिते.

तुझी,
कौसल्याआत्या